घूम येथील पाच वर्षे

शरच्चंद्र दास यांचा तिबेटी-इंग्रजी कोश बंगाल सरकारने १९०२ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केला. तिबेटी वाङ्मयाचा अभ्यास करणारास आजही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. या भक्कम ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कर्ते म्हणून दासबाबूंचे नाव आहे आणि त्याखाली, सरकारच्या आज्ञेवरून ग्रंथ तपासून सिद्ध करणारे म्हणून, दोन युरोपीय नावे आहेत. एक ग्रॅहम सँडबर्ग यांचे, दुसरे ए. विल्यम हायडे यांचे. पहिल्या नावापाशी जाणकार थोडा थांबतो, कारण सँडबर्ग यांनी तिबेटावर स्वतंत्र ग्रंथही लिहिले. दुसऱ्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. हे हायडे जर्मन होते, कोश प्रसिद्ध झाला त्या वर्षी त्यांचे वय सत्त्याहत्तर होते, आणि १८५३ साली मायदेश सोडल्यापासून ते एकदाही परत गेलेले नव्हते. दार्जिलिंगजवळच्या घूम या गावी, ढगांनी वर्षातील कितीतरी महिने झाकलेल्या त्या खिंडीतल्या वस्तीत, ते आपल्या पत्नीसह राहत होते. पत्नीचे नाव मारिया. तिचे नाव या मुखपृष्ठावर नाही.

या दांपत्याने १८९८ ते १९०३ ही पाच वर्षे घूमला काढली. भाविक चरित्रकारांच्या लेखी हा काळ म्हणजे हिमालयातील चाळीस वर्षांच्या मोठ्या तपश्चर्येला जोडलेले एक लहानसे परिशिष्ट आहे, तर कोशवाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या लेखी ती एक तळटीप आहे. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. ज्या कार्याला धर्मप्रसार असे नाव दिले गेले, त्यातून काय उरले आणि त्याची किंमत कोणी भरली, हा प्रश्न विचारावयाचा असेल तर तो या वृद्धापकाळातील पाच वर्षांपासूनच विचारावा लागतो. कारण तरुणपणी माणूस आज्ञेने जातो, उत्साहाने जातो, कधीकधी नुसत्या अज्ञानानेही जातो. सत्तरीनंतर तो पुन्हा नव्या जागी बिऱ्हाड थाटतो तेव्हा यांपैकी कोणतेच कारण पुरेसे पडत नाही.

हायडे यांचा जन्म १८२५ साली सायलेशियात झाला. ते ज्या पंथाचे होते त्यास मोराव्हियन बंधुमंडळी म्हणतात. सॅक्सनीतील हर्नहूट हे त्या पंथाचे केंद्र. अठराव्या शतकात काउंट त्सिंत्सेंडोर्फ यांनी आपल्या जमिनीवर या निर्वासित लोकांना आसरा दिला आणि १७३२ पासून त्यांनी जगाच्या कानाकोपऱ्यांत माणसे पाठविण्यास आरंभ केला. वेस्ट इंडीजच्या बेटांतील गुलामांकडे, ग्रीनलंडच्या बर्फात, दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या जंगलात ते गेले. हे लोक बहुधा कारागीर असत. विद्वत्तेपेक्षा हातातील कसब आणि मनाची चिकाटी यांवर मंडळीचा भर असे. १८५० साली चीनमध्ये काम केलेले प्रसिद्ध धर्मोपदेशक गुत्स्लाफ हर्नहूटला आले आणि त्यांनी मंगोलियाचे स्वप्न मंडळीपुढे ठेवले. रशियाने आपल्या मुलुखातून वाट देण्याचे नाकारले. तेव्हा हिंदुस्थानातून, हिमालय ओलांडून मंगोलियात शिरावे असे ठरले, आणि त्यासाठी हायडे व पागेल अशी दोन माणसे निवडण्यात आली. नकाशावर बोट ठेवून आखलेल्या अशा योजना पाहिल्या म्हणजे हसावे की थक्क व्हावे हे कळत नाही.

दोघे १८५३ च्या अखेरीस कलकत्त्यास उतरले, सिमल्याच्या डोंगरात कोटगढला राहून भाषा शिकले, आणि १८५५ साली लडाखमार्गे पुढे सरकू लागले. तिबेटची सीमा त्यांना बंद होती. मंगोलिया तर त्याहूनही पलीकडे. काश्मीरच्या महाराजांच्या राज्यात, म्हणजे लेहमध्ये, राहण्याची परवानगी मिळेना. ती मिळण्यास १८८५ साल उजाडले. राहता राहिले लाहौल. पहिल्या शीख युद्धानंतर १८४६ साली हा मुलूख इंग्रजांकडे आला होता. तेथे केलाँग या गावी १८५६ साली त्यांनी घराचा पाया घातला. ज्या देशासाठी निघालो तो देश समोरच्या पर्वतांच्या मागे आहे आणि आपण त्याच्या दाराशी थांबलो आहोत, अशी त्यांची समजूत होती. दार उघडेपर्यंत थांबावयाचे म्हणून बांधलेल्या या घरात हायडे यांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली.

केलाँग समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच आहे. कुलूकडून येणारी वाट रोहतांगच्या घाटातून येते आणि तो घाट तेरा हजार फुटांवर. हिवाळा लागला की घाट बर्फाने बंद होई आणि खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ सहा महिने तुटे. २०२० साली रोहतांगखालून नऊ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला, तेव्हा कुठे ही परिस्थिती पालटली. या भौगोलिक गोष्टी केवळ वर्णनासाठी सांगत नाही. ज्या घरातील मुले दुसऱ्या खंडात शिकत आहेत त्या घरात पत्रास किती अर्थ असतो, आणि ते पत्र येण्याची वाटच अर्धे वर्ष बंद असणे म्हणजे काय, याची कल्पना असल्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही.

मारियाबाई केलाँगला आल्या १८५९ साली. त्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या. तिघा अविवाहित धर्मोपदेशकांसाठी मंडळीने तीन वधू एकदमच पाठविल्या होत्या. विवाह मंडळीने ठरवावा, प्रश्नही मंडळीनेच विचारावा आणि होकारही मंडळीच्याच हाती द्यावा, अशी तेथील रीत होती. आपल्याकडील वाचकांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या आज्यांनीही नवरा लग्नाच्या दिवशीच पाहिला. नवल आहे ते मारियाबाईंच्या पूर्वायुष्यात. त्यांचा जन्म १८३७ साली सुरिनामची राजधानी पारामारिबो येथे झाला. त्यांचे आईवडील तेथे गुलामांमध्ये आणि पळून जंगलात वसलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये काम करीत. धर्मोपदेशकांची मुले थोडी जाणती झाली की त्यांना शिक्षणासाठी युरोपास पाठवावयाचे, असा मोराव्हियन मंडळीचा नियम असे. सॅक्सनीत क्लाइनवेल्का येथे अशा मुलांसाठी खास शाळा व वसतिगृहे होती. त्याप्रमाणे मारियालाही लहानपणीच जर्मनीस पाठविण्यात आले. वडील वारले, आई मात्र सुरिनाममध्येच राहिली, जंगलातले काम तिने एकटीने चालविले आणि तिथेच देह ठेवला.

म्हणजे आईवडिलांवाचून वाढणे म्हणजे काय हे ज्या मुलीस स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते, तीच पुढे आई झाली आणि तिने आपली मुले तशीच पाठविली. हायडे दांपत्यास अनेक मुले झाली. काही केलाँगमध्ये लहानपणीच दगावली आणि तेथील मातीतच त्यांना ठेवावे लागले. जी जगली ती बालवयातच समुद्रापार गेली. या गोष्टीकडे पाहण्याच्या दोन सोयीच्या दृष्टी आहेत. एक म्हणते, केवढा हा त्याग! दुसरी म्हणते, केवढा हा निष्ठुरपणा! आम्हांस वाटते की दोन्ही दृष्टी आईबापांकडेच पाहतात. मुलाकडे कोणी पाहत नाही. त्याग हा शब्द ज्याने स्वेच्छेने दिले त्याच्यापुरता खरा. सहासात वर्षांच्या पोराने काय दिले ते त्याला कोणी विचारलेलेच नसते. हर्नहूटच्या व्यवस्थेची खरी मुद्दल या मुलांनी भरली, आणि त्या व्यवस्थेने ती इतक्या शांतपणे, इतक्या पिढ्या घेतली की देणाऱ्यासही ती देण्यासारखी वस्तू वाटली नाही. मात्र एक गोष्ट मारियाबाईंच्या बाजूने सांगितली पाहिजे. सुरिनामसारख्याच दूरच्या एका जागी जाण्यास त्यांनी होकार दिला; आपल्या आईविषयी त्यांच्या मनात काय होते हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. नाही म्हणण्याची मुभा होती.

केलाँगमधील धर्मकार्याचे फळ किती? पहिला बाप्तिस्मा १८६५ साली झाला, म्हणजे घर बांधल्यापासून नऊ वर्षांनी; आणि तो घेणारा लाहौली नव्हे, लडाखातून आलेला माजी बौद्ध भिक्षू होता. नंतरही जे थोडे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतेक लडाखकडील होते. लाहौलचा शेतकरी शाळेत मूल पाठवी, आजारपणात औषध मागे, हायडेसाहेबांशी पीकपाण्याच्या गप्पा मारी, आणि आपल्या गोंपाला लोणी नेऊन देई. चाळीस वर्षांत मंडळी काही डझनांच्या पलीकडे गेली नाही, आणि १९४० साली केलाँगचे ठाणे बंदच झाले. ज्या हिशेबासाठी ही माणसे आली त्या हिशेबात हा तोटाच म्हणावयाचा.

पण मारियाबाईंनी तेथील बायकामुलींना विणकाम शिकविले. लाहौलात लोकर होती. पुरुषसुद्धा वाटेने चालता चालता टकळीवर सूत काढीत. सुयांवर विणणे मात्र नव्हते. हिवाळ्याच्या लांब दिवसांत मारियाबाईंच्या भोवती मुली जमत आणि मोजे विणण्यास शिकत. पुढे त्या मोज्यांत लाहौलचे स्वतःचे रंग आले, नक्ष्या आल्या, आणि विणणाऱ्या आयांनी ते मुलींना दिले. २०२१ साली लाहौलच्या विणलेल्या मोज्यांस व हातमोज्यांस भौगोलिक निर्देशांक मिळाला. धर्मग्रंथ ज्यांच्या गळी उतरला नाही त्यांच्या पायांत मोजे मात्र राहिले, असे कोणी थट्टेने म्हणेल. आमच्या मते थट्टेचे काही कारण नाही. घेणाऱ्या समाजाने काय घ्यावे आणि काय नाकारावे हे आपल्या बुद्धीने ठरविले, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्यात त्या समाजाची थोरवी दिसते.

दुसरी गोष्ट भाषेची. १८५७ साली येश्के नावाचे तिसरे गृहस्थ केलाँगला प्रमुख म्हणून आले. हे खरे भाषापंडित. येताच त्यांनी लडाखातील स्तोक या गावी एका कुटुंबात काही महिने राहून बोलीचा अभ्यास केला. केलाँगमध्ये शिळाछापाचा छोटा छापखाना होता. तेथून व्याकरण, शब्दसंग्रह, शुभवर्तमानांची भाषांतरे निघू लागली. येश्के यांचे एक महत्त्वाचे निरीक्षण असे की, तिबेटीच्या लेखनात जी जोडाक्षरे दिसतात ती ल्हासाकडे बहुतेक मूक झाली असली तरी पश्चिमेकडील बोलींत अजून ऐकू येतात. आठ या संख्येचे लिखित रूप ‘ब्र्ग्यद’ असे आहे. ल्हासाचा मनुष्य त्याचा उच्चार नुसता ‘ग्ये’ असा करतो, तर पश्चिम टोकाचा बाल्टी आद्य ‘ब’ सुद्धा सोडीत नाही. म्हणजे ज्या बोली अडाणी म्हणून हिणविल्या जात त्याच शुद्ध लेखनाच्या साक्षीदार ठरल्या. मराठीच्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण आमच्याकडेही सीमेवरच्या आणि सागरकाठच्या बोलींना अशुद्ध म्हणून बाजूस सारण्याची खोड जुनीच आहे.

येश्के प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे १८६८ साली परत गेले. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ साली लंडनला निघाला. दोन वर्षांनी ते वारले. नव्या कराराचे तिबेटी भाषांतर १८८५ साली बर्लिनला छापले गेले. हायडे यांच्याकडे येश्केंसारखी झेप नव्हती. ते शेत पाहत, पाट काढीत, शाळा तपासत, हिशेब ठेवीत. परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे एका भाषेत भांडणे ऐकली, उसनवारी केली, मर्तिकांस हजेरी लावली, त्याच्याजवळ शब्दांचा जो अंदाज साठतो तो पंडितास सहसा मिळत नाही. केलाँगमध्ये एक आणखी विशेष होता. तेथील लोकांची घरची बोली तिबेटी नव्हे. बुनान व तिच्या शेजारच्या बोली ते बोलतात. तिबेटी ही त्यांची पोथीची आणि व्यापाराची भाषा. म्हणून हायडे यांनाही ती दोन अंगांनी शिकावी लागली, लामाकडून आणि हमरस्त्यावरून.

१८९८ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, हायडे यांनी केलाँग सोडले. मारियाबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. आता जर्मनीला जाणे हा सरळ मार्ग होता. कोणी त्यास दोष दिला नसता. मुले तिकडे लहानाची मोठी झाली होती. त्यांच्या बालपणाची भरपाई करता येणार नसली तरी निदान एका गावात राहता आले असते. त्याऐवजी दोघे रोहतांग उतरून मैदानात आले आणि हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला, दार्जिलिंगकडे वळले. नव्या कराराचे तिबेटी भाषांतर तपासून सुधारण्याचे काम तेथे व्हावयाचे होते, कारण पूर्वेकडील तिबेटी वाचक दार्जिलिंगच्या बाजारातच भेटत असे. आपण पाठविलेल्या मुलांकडे जावयाचे की अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाकडे, अशी ही निवड होती आणि त्यांनी पुस्तक निवडले. या निवडीत आम्हांस थोरपणही दिसते आणि काही तरी कठोरही दिसते. त्या दोहोंची वजाबाकी करून एक आकडा काढणे आमच्याने होत नाही.

केलाँगला बैलगाडीचीही वाट नव्हती. घूमला आगगाडी होती. दार्जिलिंगची छोटी गाडी १८८१ पासून धावत होती आणि सुमारे ७,४०० फुटांवरचे घूम हे तिचे सर्वांत उंच स्थानक. टपाल रोजचे. वर्षातून सहा महिने बर्फाच्या भिंतीमागे राहिलेल्या त्या वृद्ध जोडप्यास दररोज येणारे टपाल कसे वाटले असेल! शेजारी बौद्ध मठ होता, पलीकडच्या दार्जिलिंगला चोमा द कोरोश यांची कबर होती. हा हंगेरीचा एकांडा पुरुष तिबेटीचा पहिला नीट कोश व व्याकरण १८३४ साली कलकत्त्यास छापून ल्हासाकडे निघाला आणि १८४२ साली दार्जिलिंगलाच तापाने गेला. त्याने आपला अभ्यास केला तो झंस्करमध्ये, म्हणजे लाहौलच्या अगदी पाठीमागच्या खोऱ्यात. पश्चिम हिमालयात भाषा शिकावी आणि पूर्व हिमालयात येऊन ती लिहून ठेवावी, असा एक योग या दोन्ही आयुष्यांत दिसतो.

येथे १८९९ साली कोशाचे काम पुढे आले. शरच्चंद्र दास हे चितगावकडचे बंगाली गृहस्थ. दार्जिलिंगच्या भूतिया शाळेचे मुख्याध्यापक असताना १८७९ आणि १८८१ साली ते तिबेटात जाऊन आले. त्या प्रवासांतील हेरगिरीचा भाग प्रसिद्धच आहे. पण आणलेल्या ग्रंथांतून त्यांनी जो शब्दसंग्रह केला त्याचे मोल त्याने कमी होत नाही. संस्कृत प्रतिशब्द हे त्यांच्या कोशाचे वैशिष्ट्य. हा प्रचंड कच्चा माल सरकारने सँडबर्ग व हायडे यांच्याकडे सोपविला. अर्थ ताडून पाहणे, बोलीतील आणि पोथीतील अर्थ वेगळे करणे, येश्केंच्या कोशाशी मेळ घालणे, हे तीन वर्षे चालले. सत्तरी उलटलेल्या माणसाने बारीक तिबेटी अक्षरांची मुद्रिते तपासावयाची म्हणजे डोळ्यांचा उरलासुरला साठा खर्च करणे होय.

आणि दुसऱ्या बाजूस नवा करार. कोशात एका शब्दाचे पाच अर्थ देऊन सुटता येते. भाषांतरात एकच द्यावा लागतो. उदाहरणार्थ देव हा शब्द. येश्के यांनी त्यासाठी ‘कोन्चोग’ हा शब्द घेतला. शब्दशः अर्थ दुर्मिळ व श्रेष्ठ. परंतु तिबेटी मनुष्य ‘कोन्चोग सुम’ म्हणतो तेव्हा त्यास बुद्ध, धर्म आणि संघ ही तीन रत्ने अभिप्रेत असतात. संस्कृत रत्न या शब्दाचा हा तिबेटी अवतार. मग ख्रिस्ती देवास हा शब्द लावताना वाचकाच्या मनात कोण उभा राहतो? शब्द नाकारावा तर लोकांस कळेल असा दुसरा नाही; घ्यावा तर त्याच्यामागून सगळा बौद्ध धर्म आत येतो. शब्द ठेवला गेला आणि तिबेटी ख्रिस्ती वाङ्मयात आजतागायत तोच आहे. आम्हां मराठी वाचकांस ही अडचण ओळखीची आहे. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले तेव्हा स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास ते कचरले नाहीत. उलट पंडिता रमाबाईंनी केडगावास आयुष्याच्या अखेरीपर्यंत खपून बायबलाचे जे सोपे मराठी भाषांतर केले त्यात हिंदू संस्कारांनी भारलेले संस्कृत शब्द टाळण्याचा कटाक्ष ठेवला. तीनशे वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन निवडींत आम्हांस स्टीफन्सची निवड वाङ्मयदृष्ट्या सरस वाटते. शब्दाला भूतकाळ असणे हा त्याचा दोष नव्हे. घूमच्या मेजावरही शेवटी हाच कौल मिळाला, असे म्हणता येईल.

या मेजाभोवती आणखी माणसे होती. तिबेटी जाणणारे स्थानिक साहाय्यक नसतील तर असे एकही पान तयार होत नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी कोशासाठी ज्या शास्त्र्यांनी खेडोपाडीचे शब्द गोळा केले, त्यांची नावे जशी मुखपृष्ठावर नाहीत, तशीच याही कामात. दासबाबूंचे नाव पहिले आहे ही गोष्ट म्हणूनच लहान नव्हे; हिंदी माणसाचे नाव वर आणि तपासणाऱ्या युरोपीयांचे खाली, असा क्रम त्या काळी विरळा. आणि मारियाबाई? स्वयंपाकघर, पाहुणे, दुखणी, पत्रव्यवहार, कमी पैशांत चालवावयाचा प्रपंच, हे सर्व चाळीस वर्षे केलाँगला आणि पाच वर्षे घूमला ज्या बाईने सांभाळले, तिचा कोशाशी संबंध काय, असे कोणी विचारील. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत हायडे यांचा हात लिहिता राहिला, एवढे उत्तर पुरे आहे. शिवाय तिबेटी ही त्यांचीही रोजची भाषा होती. मोज्याचे टाके मोजावयास शिकविताना जी तिबेटी लागते ती लामाच्या पोथीत नसते.

मारियाबाई रोजनिशी लिहीत. तिच्यातील १८६२ ते १८७० या वर्षांचा भाग जर्मनीत पुस्तकरूपाने छापला गेला आहे. धर्मकार्याच्या अधिकृत वृत्तांतांत जे सहसा येत नाही, ते एका घराचे दिवस, त्यामुळे अभ्यासकांस उपलब्ध झाले. मुख्य अहवाल पुरुषांनी लिहिले आणि ते वरिष्ठांस दाखविण्यासाठी लिहिले. रोजनिशी कोणास दाखविण्यासाठी नव्हती. इतिहासाचे साधन म्हणून आम्ही दुसरीला अधिक मान देतो.

सुधारलेला नवा करार १९०३ साली पुरा झाला आणि त्याच वर्षी दोघे जर्मनीस परतले. हायडे यांनी पन्नास वर्षांनी युरोप पाहिला. १८५३ साली ते निघाले तेव्हा जर्मनी नावाचे एक राष्ट्रच नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात यंगहजबंड यांच्या हाताखाली इंग्रजांची फौज सिक्कीमकडून तिबेटात घुसली आणि पुढील ऑगस्टमध्ये ल्हासाला पोहोचली. ज्या दाराशी हायडे अर्धशतक थांबले होते ते असे उघडले, बंदुकीच्या गोळ्यांनी. गुरूच्या रणात शेकडो तिबेटी मारले गेले. दासबाबूंचा कोश तेव्हा नुकताच हाती आला होता, आणि फौजेबरोबरच्या दुभाष्यांस त्याचा उपयोग होणार हे उघडच होते. ज्ञान कोणाच्या हाती पडेल हे ज्ञान गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन नसते हे खरे. पण सरकारच्या आज्ञेने आणि सरकारच्या खर्चाने झालेल्या कोशाविषयी हे इतक्या सहज म्हणून सुटणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. बंगाल सरकारला तिबेटी काव्याची गोडी लागलेली नव्हती.

संपूर्ण तिबेटी बायबल १९४८ साली लाहोरास छापून बाहेर पडले. ते मुख्यतः लेहच्या योसेब गेर्गन यांच्या चिकाटीचे फळ आहे. त्यातील नव्या कराराच्या मागे येश्के आणि घूमचे काम आहे.

हायडे १९०७ साली वारले. मारियाबाई त्यांच्यामागे दहा वर्षे जगल्या आणि महायुद्ध चालू असताना १९१७ साली ग्नाडाउ येथे त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी, १९२१ साली, हर्नहूट येथे त्या दोघांचे चरित्र प्रसिद्ध झाले. ‘तिबेटी लोकांत पन्नास वर्षे’ असे त्याचे नाव. ते लिहिले गेरहार्ड हायडे यांनी, त्यांच्या मुलाने.